सदतीस फणसळकर

"पण सर, इथं नाव कुणाचं टाकायचं?"

मागच्या बाकावरून आवाज आला. मी हसलो. मग अख्खा हॉल हसला.

"बाई, नाव म्हणजे नाव हो! त्यात कुणाचं काय विचारायचं?"

"तेच विचारते," बाई म्हणाल्या. "कुणाचं?"

"कळेल, कळेल. आधी फळ्याकडे बघा," मी म्हटलं आणि पुढे सरकलो.

बाईंनी टॅबलेट बाकावर पालथा ठेवला, त्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

आता मी कोण, ते सांगतो. ओजस फणसळकर, वय चोवीस, राहणार पुणे. काम काय, तर शिक्षकांना टॅबलेट शिकवायचा. वर्षभर सिनियर लोकांच्या मागे वायरी धरून हिंडलो, तेव्हा कुठे ही पहिली एकट्याची बॅच मिळाली. नाशिककडचं एक तालुक्याचं गाव, पंचायतीचा हॉल, अडतीस शिक्षक, अडतीस टॅबलेट, एक प्रोजेक्टर. मी तर आदल्या दिवशी शर्ट दोनदा इस्त्री केला होता!

निघताना आमच्या रेवती मॅडम एवढंच म्हणाल्या होत्या, "ओजस, पाचला पोर्टल बंद होतं. त्याआधी अडतीसच्या अडतीस शिक्षकांची नोंद दिसली, तर पुढचा अख्खा जिल्हा तुझा. नाही दिसली तर... वायर आहेच."

त्या बाई म्हणजे गांगुर्डे बाई. डोंगरातल्या एका पाड्यावर शाळा, पहिली ते चौथी, चारही वर्गांना त्या एकट्याच. मे महिन्यात रिटायर. दहाचं प्रशिक्षण आणि बाई आल्या पावणेअकराला, चपला धुळीनं पांढऱ्याफटक.

मला वाटलं, सुरुवातीलाच जरा वचक बसायला पाहिजे. मी मनगटावरचं घड्याळ दाखवलं.

"बाई, दहाची वेळ होती."

"उशिरा आले, पण आले ना वर्गात," बाई म्हणाल्या. "आमच्या शाळेत उशिरा आलेल्याची पण हजेरी लागते."

"इथं नाही लागत," मी म्हटलं. "बसा मागे."

असा मी. चोवीस वर्षांचा.

तर नोंदणी. एक साधा फॉर्म. नाव, शाळा, आवड. तीन रकाने, बस! मी माझा टॅबलेट प्रोजेक्टरला जोडला, पडद्यावर सगळं हे मोठ्ठं दिसायला लागलं.

"मी करतो तस्संच करायचं," मी म्हटलं. "एक अक्षर इकडचं तिकडे नको. कळलं?"

"होऽऽ!"

काय तो होकार! छपरावरची कबुतरं उडाली. सगळ्यात मोठा आवाज पहिल्या रांगेतल्या महाले सरांचा. पन्नाशीचे, गुडघ्याला पट्टा, हातात पेन. टॅबलेटच्या ट्रेनिंगला पेन कशाला, असं विचारणार होतो, पण म्हटलं, असू दे.

मी नमुन्यादाखल माझं नाव टाकलं. शाळेच्या रकान्यात टाकलं, अबक. आवड... आता काहीतरी टाकायचं म्हणून टाकलं, ट्रेकिंग आणि कॉफी.

"झालं?"

"होऽऽ!"

"काही अडचण?"

"नाऽऽही!"

मी फिरून बघितलंसुद्धा नाही. कशाला बघायचं? सदतीस माना पडद्याकडे, सदतीस बोटं चालू. मनातल्या मनात मी पुढच्या जिल्ह्यात पोचलो होतो.

जेवायला मसालेभात आणि जिलबी होती. मी चार जिलब्या खाल्ल्या.

पावणेचारला रेवती मॅडमचा फोन.

"ओजस, तू तिथे नक्की काय करतोयस?"

"मॅडम, एक नंबर चाललंय! इतकी शिस्तीची बॅच मी..."

"पोर्टल उघड."

उघडलं.

ओजस फणसळकर. ओजस फणसळकर. ओजस फणसळकर. मी खाली सरकवतोय, सरकवतोय, आणि मीच येतोय! मधेच एक श्री. ओजस फणसळकर. एक सौ. ओजस फणसळकर. एकानं तर मास्तरकी करून फणसाळकर असं सुधारून लिहिलेलं. सगळ्यांची शाळा अबक. सगळ्यांची आवड ट्रेकिंग आणि कॉफी.

"सदतीस वेळा तूच आहेस," मॅडम म्हणाल्या. "स्वतःलाच ट्रेनिंग दिलंस का रे?"

आणि फोन ठेवला.

मी धावत महाले सरांकडे गेलो.

"सर! तुम्ही माझं नाव का टाकलंत?"

"तुम्हीच म्हणाले ना, एक अक्षर इकडचं तिकडं नको."

"अहो, पण तुमचं नाव फणसळकर आहे का?"

"नाही ना. मला पण जरा शंका आली," महाले सर म्हणाले. "नावाचं एक वेळ ठीक आहे. पण ट्रेकिंग बघून मी घाबरलो. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय माझं. पण म्हटलं, वरून आलं असेल."

"वरून कुठून?"

महाले सरांनी पेनानं छताकडे बोट... म्हणजे पेनच दाखवलं.

"मग विचारायचं ना!"

"फळ्यावरचं उतरवून घेताना कुणी विचारतं का, सर?"

चार वाजले होते. मी म्हटलं, शांत, ओजस, शांत. पुन्हा पडद्यासमोर उभा राहिलो. घसा खाकरला.

"सगळ्यांनी लक्ष द्या. आधीचं पुसा. माझं नाव टाकायचं नाही. आपलं नाव टाकायचं. आपलं! हे बघा, या रकान्यात..." आणि मी पडद्यावर टाईप करून दाखवलं. आपलं नाव.

"कळलं?"

"होऽऽ!"

वीस मिनिटांनी पोर्टल उघडलं.

आपलं नाव. आपलं नाव. आपलं नाव. श्री. आपलं नाव.

मी खरंच खाली बसलो. पायरीवर. चार वीस. डोळ्यांसमोर वायर दिसायला लागली. काळी, लांब, वेटोळं घातलेली.

सदतीस जण माझ्याकडे बघतायत. आता फळ्यावर काय येणार, याची वाट बघतायत.

मग मला आठवलं. सदतीस. बॅच अडतीसची.

मी उठलो आणि मागच्या बाकाशी गेलो. गांगुर्डे बाईंचा टॅबलेट अजून पालथाच.

"बाई, तुम्ही काहीच भरलं नाही?"

"नाही."

"का?"

"सकाळी एक प्रश्न विचारला होता. उत्तर आलं नाही."

मी मान खाली घातली.

"बाई... पाचला बंद होतं हे. माझी पहिलीच बॅच आहे. मी दोनदा सांगितलं. आता अजून कसं सांगू?"

"अजून सांगणार?"

"मग काय करू?"

बाई उठल्या. सावकाश चालत मधल्या टेबलाशी गेल्या. प्रोजेक्टरकडे जरा वेळ बघितलं, आपण वर्गातल्या दंगेखोर पोराकडे बघतो ना, तसं.

"हा दिवा बंद करता येतो?"

"येतो. पण बाई, बंद केल्यावर त्यांना दिसणार कसं?"

बाईंनी सरळ भिंगासमोर तळहात धरला.

पडद्यावर भलीमोठी पाच बोटं उमटली. मग बाईंनी हात अजून जवळ नेला आणि सगळं काळं.

हॉलमध्ये एकदम कालवा. "ओ, गेलं गेलं!" "लाईट गेली का?" "सर, दिसत नाहीये!"

मी झेप घेतली. म्हटलं, एकेकाचा टॅबलेट घेतो, भराभर भरून टाकतो, सदतीस तर आहेत! मी महाले सरांच्या हातातला टॅबलेट ओढलासुद्धा.

"फणसळकर."

नुसतं आडनाव. सर नाही, काही नाही. आवाज चढलेला पण नव्हता. माझे पाय जागच्या जागी थांबले हो! दुसरीत असल्यासारखे.

"तो त्यांचा आहे. परत द्या."

मी दिला.

"मागच्या बाकावर बसा."

बसलो.

"हाताची घडी, तोंडावर बोट."

सगळा हॉल फिसकन हसला. मी बाईंकडे बघितलं. बाई हसत नव्हत्या.

मी हाताची घडी घातली. आता खरं सांगा, हाताची घडी घातल्यावर तोंडावर बोट ठेवायचं कुठल्या हातानं? मला हे दुसरीतही कळलं नव्हतं. कसंबसं एक बोट वर काढलं आणि ओठांवर टेकवलं.

चार सत्तावीस.

बाईंचा एक तळहात अजून भिंगासमोरच. दुसरा हात कमरेवर.

"बाई, आता काय लिहायचं?" महाले सरांनी विचारलं.

"तुमचं नाव काय हो, महाले सर?"

"महाले."

"पूर्ण सांगा."

"सुदाम केरू महाले."

"मला कशाला सांगता? त्याला सांगा," बाईंनी टॅबलेटकडे मान उडवली.

महाले सरांनी पडद्याकडे बघितलं. काळा. छताकडे बघितलं. तिथं कबुतरं. मग पहिल्यांदा... सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी मान खाली घालून आपल्या टॅबलेटकडे बघितलं.

"सु कसा काढायचा यात?"

"शोधा."

"अहो, सु सापडला!" दोन मिनिटांनी महाले सर ओरडले. "इथं दाबून धरायचं! ए, इकडं बघा रे!"

आणि मग जी काय गडबड उडाली! बाक सरकले. "दाम कसा केला?" "तुझं जोडाक्षर कसं आलं?" "अरे पुसलं ना मी सगळं!" "थांब, मागे जायचा बाण आहे." पन्नाशीची माणसं एकमेकांच्या टॅबलेटमध्ये डोकी खुपसून भांडत होती. कुणीतरी चुकून फोटो काढला, तर त्यावर दहा जण जमा झाले. हे मी दुपारी तीनच्या तासाला शिकवणार होतो, आणि शिकवलं होतं पण! तेव्हा सगळे नुसते हो म्हणाले होते.

मला चार वेळा ओरडून सांगावंसं वाटलं. चुकतंय, चुकतंय, तिथं नाही, डावीकडे! चारही वेळा बाईंनी फक्त बघितलं. मी बोट ओठांवर घट्ट दाबलं.

कठीण असतं ते. करून बघा.

चार पन्नास. बाई भिंगासमोरून हात काढून माझ्या शेजारी येऊन बसल्या. पडदा उजळला. त्यावर अजून मीच लिहिलेलं, आपलं नाव. एकानंही वर बघितलं नाही.

बाईंनी चष्मा लावला, टॅबलेट सरळ केला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहायला लागल्या. मी बाजूला. तोंडावर बोट. त्यांना काना सापडेना, मला दिसत होता! मी नाही बोललो.

त्यांना सापडला. मी घड्याळाकडे बघायला लागलो, तरी त्यांचं बोट चालूच होतं.

चार अठ्ठावन्न. माझा फोन थरथरला. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, तेव्हा बोट काढलं.

"ओजस!" रेवती मॅडम. "आली रे नावं! आणि काय हे, एकाची आवड दुपारची झोप लिहिलीय!"

"ते महाले सर असतील," मी म्हटलं.

"पण एक सांग, बॅच अडतीसची होती ना? इथं एकोणचाळीस दिसतायत. हा शेवटचा कोण?"

मी घाईघाईनं पोर्टल उघडलं. अडतिसावं नाव, सुमन रावजी गांगुर्डे. आवड, अजून ठरायची आहे.

त्याखाली एकोणचाळिसावं.

ओजस फणसळकर. शाळा, पंचायतीचा हॉल, मागचा बाक. आवडीचा रकाना कोरा.

"एक मिनिट, मॅडम." मी फोनवर हात ठेवला. "बाई, हे एक जुनं राहिलंय वाटतं. पुसू ना?"

बाई चष्मा घडी करून डबीत ठेवत होत्या.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "उशिरा आले, पण आले ना वर्गात."