चाळीस घोड्यांची गाडी

डोंगरउतारावर स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या हौसाबाई ढेबे क्रेट वाहायला चार चाकांची बाइक घ्यायची म्हणून साताऱ्याच्या शोरूममध्ये गेल्या. त्यांच्या मनात भरली ती परदेशी बनावटीची सगळ्यात स्वस्त, छोटी गाडी. मालक तलकशेठ हसले.

"बाई, ते खेळणं झालं. ही थोरली घ्या. हिच्यात चाळीस घोड्यांची ताकद आहे."

"असं? मग इंजिन बंद ठेवून दारापर्यंत ढकला बघू."

शेठ घामाघूम झाले, पण गाडी तसूभर हलली नाही. हौसाबाईंनी छोटी गाडी एकटीनं ढकलत दारात नेली.

"शेठ, तुमचे चाळीस घोडे रानात आडवे पडले, तर त्यांना घरी आणायला मी एकटीच असते. या छोटीची किल्ली द्या."