आधी मारुती बदला

कोल्हापुरातल्या एका तालमीचा फुटबॉल संघ या हंगामात सारखा हरत होता. तालमीच्या मारुतीसमोर अध्यक्ष सरनोबत गरजले, "गोलकीपर इंद्रजितची जर्सी काढून घ्या. बाहेरचा खेळाडू आणू!"

इंद्रजितने जर्सी काढून पुढे केली. त्याला लहानपणापासून गल्लीत चेंडू अडवताना पाहत आलेले वृद्ध तातोबा पुढे सरसावले. ते हात जोडून म्हणाले, "अध्यक्षसाहेब, मग मारुतीही बदलूया. दर सामन्याआधी नारळ त्यालाच फोडला, तरी हरलोच की!"

"तातोबा, जीभ आवरा! आपला देव हाय त्यो. हरलो म्हणून देव बदलतंय व्हय कोण?"

"न्हाई ना? मग लेकरू तरी का बदलायचं?"

सरनोबतांनी जर्सी मारुतीच्या पायांना लावली आणि स्वतःच्या हातांनी इंद्रजितच्या अंगात घातली.