नगारा वाजला तरी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की राजाशिवायही एखादं नगर चालतं याचं तेव्हा कुणाला नवल वाटत नसे.

डोंगराच्या पायथ्याशी असं एक नगर होतं. तिथे दर पौर्णिमेला सकाळी चिंचेखाली सभा भरायची. कोष्टी, कुंभार, मेंढपाळ, वैद्य, सगळे जमिनीवर मांडीला मांडी लावून बसायचे. हातातलं हत्यार, मग तो साधा कोयता का असेना, कुंपणाला अडकवून यायचं आणि मनात असेल ते बोलायचं, एवढे दोनच नियम. भांडणं तर विचारू नका. एकदा विहिरीचा कठडा किती उंच बांधायचा यावर तीन पौर्णिमा गेल्या. पण कठडा बांधला गेला आणि पुन्हा कुणाचं वासरू विहिरीत पडलं नाही.

एका वर्षी लुटारूंची टोळी चालून आली. नगराच्या पहारेकऱ्यांनी जिवावर उदार होऊन ती परतवून लावली. लोकांनी त्यांना ओवाळलं. पहाऱ्याच्या नाईकाला सगळे कौतुकानं सेनापती म्हणू लागले आणि त्यालाही ते आवडलं. त्याच्या सांगण्यावरून सभेनं ठराव केला. बुरुजावर नगारा ठेवायचा. नगारा वाजला की सभा अर्धी टाकून उठायचं, घरी जाऊन दारं लावायची आणि पुढच्या पौर्णिमेपर्यंत सेनापती सांगेल तसं वागायचं. लुटारूंची भीती अजून ताजी होती, त्यामुळे कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही.

पुढच्याच सभेत कुंभारानं विचारलं, "कोठारातलं बियाणं तटाच्या मजुरीत का वाटलं?" तेवढ्यात नगारा वाजला. सगळे घरी पळाले. शत्रू काही आला नाही. सेनापती म्हणाला, "नगारा ऐकूनच पळाला." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर गुरुजींनी विचारलं, "मुलांची अक्षरं सोडून त्यांना भाला का शिकवता?" पुन्हा नगारा. पुन्हा शत्रू पळाला. बिचारा शत्रू, किती पळायचं त्यानं!

हळूहळू लोक प्रश्न विचारीनासे झाले. कुणी विचारलाच, तर शेजारीच त्याच्याकडे संशयानं बघायचे. सेनापती आता कमरेला तलवार लावून सभेत उभा राहायचा. ती कुंपणाला अडकव, असं त्याला सांगायचं कुणी? त्यानं फेट्याला हात लावला की बुरुजावर नगारा वाजतो, हे लहान लहान पोरांनाही कळून चुकलं होतं. मोठी माणसं मात्र कळूनही गप्प होती. मला त्यांचाच राग येतो.

त्या नगरात घोंगड्या विणणारी एक बाई राहायची. तिचा एकुलता एक मुलगा सेनापतीनं पहाऱ्यासाठी नेला होता. चार महिन्यांत परत पाठवतो म्हणाला होता. त्याला तीन वर्षं झाली. तटावरच्या माणसांना खाली यायची मनाई होती, निरोपाचीही मनाई होती. मुलगा जिवंत आहे की नाही, एवढंही तिला कुणी सांगत नव्हतं. सात सभांमध्ये ती विचारायला उठली. सातही वेळा "माझा मुलगा" एवढं म्हणेपर्यंत नगाऱ्यावर टिपरी पडली.

आठव्या वेळी ती उठली आणि म्हणाली, "माझा मुलगा..." सेनापतीनं फेट्याला हात लावला. नगारा धडधडू लागला. लोक चपला शोधू लागले.

बाई मात्र होती तिथेच खाली बसली.

"अहो, उठा!" कुंभार म्हणाला. "नगारा ऐकू येत नाही का?"

"येतो की. तीन वर्षं तोच ऐकतेय. आज माझं ऐका."

"शत्रू येतोय!" सेनापती ओरडला.

"येऊ दे. आला तर त्यालाही विचारीन, माझा मुलगा कुठं दिसला का म्हणून."

मागे कुणीतरी हसलं. त्या चिंचेखाली कित्येक महिन्यांत कुणी हसलं नव्हतं.

सेनापतीनं तलवारीच्या मुठीवर हात ठेवला. "सभेचा ठराव मोडतेस?"

"सभेत हत्यार आणायचं नाही, हा त्याच्या आधीचा नियम. तो मोडून तुम्ही इथं उभे आहात, नाईक."

नाईक! हा शब्द त्यानं तीन वर्षांत ऐकला नव्हता. कुंभारानं पायात घातलेली चप्पल काढली आणि तो बाईशेजारी बसला. मग गुरुजी बसले. मग एकेक करून सगळी सभा बसली. वर नगारा वाजतच होता.

"ज्यानं नगारा वाजवला त्याला बोलवा," एक म्हातारा मेंढपाळ म्हणाला. "काय दिसलं, ते त्यालाच विचारू."

"त्याला जागा सोडता येणार नाही," सेनापती म्हणाला.

"मग आम्हीही सोडत नाही."

बराच वेळ तसाच गेला. सभा उठली नाही तर काय करायचं, हे बुरुजावरच्या माणसाला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी नगारा थांबला. एक तरुण पायऱ्या उतरून खाली आला. त्यानं भाला कुंपणाला अडकवला आणि तो सभेसमोर उभा राहिला. दाढी वाढली होती, गाल बसले होते. तरी बाईनं त्याला पहिल्या नजरेत ओळखलं. तो तिचाच मुलगा होता.

"काय दिसलं तुला?" मेंढपाळानं विचारलं.

"काही नाही."

"आणि याआधी?"

"कधीच काही नाही. इथं फेट्याला हात लागायचा आणि मी वाजवायचो. इथलं बोलणं वर ऐकू येत नाही, चेहरेही ओळखू येत नाहीत. मला वाटायचं, मी तुम्हाला वाचवतोय."

बाईचे डोळे भरून आले, पण तिनं आवाज खाली आणला नाही. "तू मलाच गप्प करत होतास, लेका. मी तुझंच विचारत होते."

त्या दिवशी सभा सूर्य मावळेपर्यंत चालली. पहारा राहिला, नगाराही राहिला. पण वाजवणाऱ्यानं काय पाहिलं ते सभेसमोर येऊन सांगायचं आणि उठायचं की नाही ते सभेनंच ठरवायचं, असं ठरलं. चार महिने झाले की पहारेकरी घरी. नाईकाला सांगितलं, तलवार बाहेर ठेव, नाहीतर तू बाहेर जा. मग त्यानं तलवार कोयत्यांच्या रांगेत अडकवली आणि येऊन सगळ्यांच्या टोकाला जमिनीवर बसला.

त्याच हिवाळ्यात लुटारू खरोखरच आले. सभा चालू होती. नगारा वाजला, पहारेकरी धावत आला आणि धापा टाकत म्हणाला, "खिंडीत चाळीस घोडी. मी डोळ्यांनी पाहिली." या वेळी कुणीही घरी जाऊन दार लावलं नाही. नाईकासकट सगळी सभा कुंपणाकडे धावली आणि ज्यानं त्यानं आपलं हत्यार उचललं.

तात्पर्य : पहारेकऱ्याला मान जरूर द्यावा, पण त्याला जाब विचारायचा हक्क कोणत्याही भीतीपोटी सोडू नये.