गोळी बाहेर कुठून पडते

“मग यातली कुठली घेऊ, उस्ताद?”

उदाजीराव शिर्क्यांनी बाकावर तीन बंदुका ओळीनं मांडल्या होत्या. शेजारी काडतुसांची सहा खोकी.

दस्तगीर उस्तादांनी मान वर केली नाही. ते एका मेलेल्या घारीच्या पंखात तार घालत होते.

हिंगणगड संस्थानात मेलेलं जनावर पुन्हा उभं करावं ते दस्तगीर उस्तादांनीच. चाळीस वर्षं ते कातडी कमावत होते, भरत होते, त्यांना काचेचे डोळे बसवत होते. आणि त्याच संस्थानात उदाजीरावांसारखा नेमबाज नव्हता. उडवलेलं लिंबू ते हवेतच फोडत. ही गोष्ट लोक सांगत. लोक विसरले तर उदाजीराव स्वतः सांगत.

महाराजांनी त्या वर्षी संग्रहालय काढलं होतं. माळावरचं एकेक जनावर काचेच्या कपाटात उभं राहायचं होतं. ससा झाला, मुंगूस झालं, साळिंदर झालं. खोकडाचं कपाट तेवढं रिकामं होतं. खोकड म्हणजे कोल्ह्याचं धाकटं भावंड. मांजरापेक्षा थोडं मोठं, झुपकेदार शेपटीचं. ते आणायचं काम उदाजीरावांनी भर दरबारात मागून घेतलं होतं.

त्यांनी तीन आणली. तिन्ही उस्तादांनी परत केली.

पहिलं मोठ्या रायफलीनं मारलेलं. ते दोन पिशव्यांतून आलं.

दुसरं छर्ऱ्यांनी. त्याचं कातडं उस्तादांनी उजेडाकडे धरलं आणि त्यातून पलीकडचं चिंचेचं झाड पाहिलं.

तिसऱ्या वेळी उदाजीरावांनी सगळ्यांत छोटी रायफल घेतली, पॉइंट टू टू. गोळी शिरली तिथं हरभऱ्याएवढं भोक. दुसऱ्या कुशीला मात्र हाताचा पंजा आत जाईल एवढं खिंडार.

उद्घाटन महिन्यावर आलं होतं. दरबारातले लोक तोंडाला उपरणं लावून हसायला लागले होते.

“रायफल विलायती,” उदाजीराव म्हणाले. “नेम माझा. मग चुकतंय कुठं?”

उस्तादांनी घार बाजूला ठेवली. तिसरं कातडं उचलून त्यांच्यासमोर पसरलं. हरभऱ्याएवढ्या भोकावर बोट ठेवलं.

“हे भोक तुमचं, सरकार.”

मग कातडं उलटं केलं.

“हे माझं.”

“मी बंदूक विचारली होती.”

“हो… बसा.”

उस्तादांनी त्यांच्या हातात वाकडी सुई दिली. मेण लावलेला दोरा दिला.

“शिवा.”

उदाजीरावांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण उस्ताद पुन्हा घारीकडे वळले होते.

उदाजीरावांनी कोट काढला आणि ते बसले.

पहिल्या सकाळी अकरा टाके घातले, चार वेळा बोट टोचून घेतलं. उस्तादांनी सगळे टाके उसवले.

“दोऱ्यात केस अडकलेत. बाहेरून शिवण दिसेल.”

दुसऱ्या सकाळी केस अडकले नाहीत, पण कातडं फाटलं.

“ओढू नका. मेलंय ते, पळून जात नाही.”

उदाजीरावांना हसू आलं. बोट चोखत ते पुन्हा कामाला लागले.

तिसऱ्या सकाळी अर्ध्यावर आल्यावर त्यांचा हात थांबला. त्यांनी खोक्यातलं एक काडतूस काढलं, गोळीच्या टोकावरून अंगठा फिरवला.

“हिचं टोक पोकळ आहे. आत शिरली की फुलते.”

“हं.”

“भरीव टोकाची घेतली तर?”

“फुलायची नाही.”

“पण हाडाला लागली तर?”

“हाडाचे तुकडे घेऊन बाहेर पडेल.”

“म्हणजे फासळ्यांच्या मधून जायला हवी. तेही आडव्या अंगानं.” उदाजीराव स्वतःशीच बोलत होते. “मग जवळ जावं लागेल. पुष्कळ जवळ.”

उस्तादांनी घारीचा दुसरा पंख पुढे ओढला.

बाकावरच्या दोन बंदुका उदाजीरावांनी स्वतःच उचलून गाडीत ठेवल्या. पाच खोकीही ठेवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना दोघं माळावर गेले. वारुळाच्या आडोशाला पोटावर झोपले. थोड्या वेळानं नव्वदएक पावलांवर खोकड बिळातून वर आलं आणि तोंड यांच्याकडे करून उभं राहिलं.

“लागेल,” उदाजीराव कुजबुजले.

“लागेल,” उस्ताद म्हणाले. “बाहेर कुठून पडेल?”

उदाजीरावांनी पाहिलं. समोरून लागली तर गोळी सगळं अंग फाडत शेपटीपर्यंत जाणार होती.

त्यांनी बंदूक खाली ठेवली.

खोकडानं जांभई दिली. अंग खाजवलं. सावकाश बिळात गेलं. उदाजीरावांनी एवढा वेळ कुठलंच जनावर पाहिलं नव्हतं. शेपटीचं टोक काळं असतं, हेही त्यांना त्या दिवशी कळलं.

त्यानंतर ते एकटेच जाऊ लागले. कधी वारा उलटा, कधी जनावर तिरकं उभं, कधी मध्ये गवत. रोज कोपरं सोलून घेऊन यायचे आणि काय झालं ते उस्तादांना सांगायचे. आजकाल न झाडलेल्या गोळीची हकिकतसुद्धा ते रंगवून सांगत.

नवव्या सकाळी खोकड पंचवीस पावलांवर आलं. एका जागी आडवं उभं राहिलं.

एकच बार झाला. खोकड जागच्या जागी बसलं आणि उठलं नाही.

उदाजीरावांनी ते डोक्याच्या रुमालात गुंडाळून दोन्ही हातांवर आणलं.

उस्तादांनी ते फिरवून पाहिलं. केसांवर फुंकर घातली. पुन्हा एकदा घातली.

“चांगलं आहे,” ते म्हणाले.

यापेक्षा जास्त ते कुणालाच कधी म्हणाले नव्हते. उदाजीराव दोन दिवस त्या दोन शब्दांवर तरंगत होते.

उद्घाटनाला सगळं गाव आलं. खोकडाच्या कपाटापुढे गर्दी हलेना. जनावर आत्ता वळून बघेल असं वाटत होतं.

मुलींच्या शाळेच्या हेडबाई, कृष्णाबाई राजोपाध्ये, चष्मा काचेला लावून म्हणाल्या, “आजारी होतं का हो हे?”

“आजारी?” उदाजीराव म्हणाले. “मी मारलंय ते.”

“अंगावर तर ओरखडासुद्धा नाही.”

महाराज जवळ आले. निरखून पाहिलं आणि मिशीत हसले.

“उदाजी, खरं सांग. मेलेलंच सापडलं ना तुला?”

सगळे हसले.

उदाजीरावांनी किल्ली मागवली, कपाट उघडलं. भर समारंभात गुडघे टेकून त्यांनी खोकडाच्या डाव्या कुशीवर फुंकर मारली. मग उजव्या कुशीवर. बोटांनी केस विंचरून पाहिले. पुन्हा डावीकडे आले…

गोळी त्यांनीच घातली होती. भोक त्यांनाही सापडेना.

ते फरशीवरच बसले. आधी त्यांचे खांदे हलले, मग ते मोठ्यानं हसू लागले. इतके, की महाराजांनी त्यांना हात देऊन उठवलं.

दुपारी ते तसेच उस्तादांकडे गेले. उस्ताद एका घोरपडीला वाळूत टेकवून वाळवत होते.

“सगळा दरबार म्हणतो, खोकड आपोआप मेलं.”

“हं.”

“ते भोक कुठं आहे, सांगा तरी.”

“विसरलो.”

उदाजीराव बाकावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं, पण आवाज जरा उतरला.

“एवढं केलं, आणि मी मारलं हे कधी कुणाला दिसणारच नाही, उस्ताद.”

उस्तादांनी हात झटकले. त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“मग नेम बरोबर लागला, सरकार.”