अळूचं कोरडं पान

फार वर्षांपूर्वी पाटाच्या कडेला अळूचं एक पान होतं. अंगाला पाणी चिकटत नाही, याचा त्याला भारी अभिमान होता.

एका उन्हाळ्यात पाट आटला. पानाच्या देठाशी राहणारी म्हातारी गोगलगाय म्हणाली, "बाबा, मला आता हलवत नाही. वळीव आला तर माझ्यासाठी दोन थेंब धरून ठेवशील?"

"धरीन की, आजी."

दुपारी हलकीशी सर आली. पानाने अंग आकसून खोलगट केलं, तरी प्रत्येक थेंब घरंगळून टोकावरून लांब पडला आणि तापलेल्या मातीत जिरला.

"आजी, मला जमत नाही गं," पान म्हणालं.

खालून उत्तर आलं नाही.

पुढे खूप पाऊस झाला. शेजारची पानं थेंब खेळवत राहिली. हे पान मात्र रिकाम्या शंखावर वाकून उभं होतं.