रुप्याचा घडा

एका राज्यात अरिंजय नावाचा राजा आणि वेत्रवती नावाची राणी सुखाने नांदत होती. दोघेही ऐन पंचविशीतले. त्यांना इंदुलेखा नावाची चार वर्षांची लेक. ती दरबारात धावत आली, की म्हातारे मंत्रीही बोलणे थांबवून हसत.

एके सकाळी इंदुलेखा उठली, ती चालेना. राणीने पांघरूण सारले. लेकीच्या पायांची बोटे रुप्याची झाली होती, कठीण, थंडगार. आठव्या दिवशी रुपे घोट्यांपर्यंत चढले. राजवैद्यांनी लेप लावले, मात्रा उगाळल्या, अखेर हात जोडले.

तेव्हा खिडकीत एक भारद्वाज पक्षी येऊन बसला आणि मनुष्यवाणीने बोलला, "राणी, ही व्याधी नव्हे, शाप आहे. तुझ्या सासऱ्याने विकटनाथ मांत्रिकाच्या डोहातून रुप्याचा घडा लुटून आणला. तुम्हा दोघांपैकी एकाने तो डोक्यावर वाहून डोहात परत सोडावा. वाटेत भुईला टेकला, तर लेक गेली. दुसऱ्याने लेकीच्या पावलांवरचा हात उचलू नये. हाताची ऊब आहे, तोवर रुपे सावकाश चढेल. काळजाला भिडले, की संपले."

राजा तलवार घेऊन उठला. "मी जातो."

"महाराज, माझे हात जन्माचे गार," राणी म्हणाली. "तिला झोप लागते ती तुमच्याच हातांखाली. तुम्ही बसा."

राजाने तलवार ठेवली. रणात कधी न डगमगलेल्या त्या पुरुषाला लेकीच्या पायथ्याशी बसणे किती जड जाते आहे, ते राणीने पाहिले आणि खजिन्यातला घडा काढून डोक्यावर घेतला.

पहिले लागले काटवन. दोन्ही हात घड्याला. फांदी सारायला हात नाही. राणी ओरबाडत, रक्ताळत पार झाली.

दुसरे लागले तापलेले माळरान. तिथे मायावी झरे पायांशी उसळत आणि म्हणत, "घडा ठेव. ओंजळभर पी." क्षणभरच टेकवावा, असे राणीला वाटलेही. मग तिने ओठ चावला आणि चालू लागली. झोप आली, तर उभ्यानेच झाडाला पाठ लावून डुलकी घेई.

तिसरा लागला डोह. विकटनाथ पाण्यातून वर आला, ताडाएवढा. "तू चोराची सून. परक्या घरची लेक. त्याच्या पापाचे ओझे तू का वाहतेस? घडा इथेच टाक. तुला दहा निरोगी पुत्र देतो."

राणी म्हणाली, "चोरी माझी नाही. लेकरू माझे आहे. मला तीच हवी."

मांत्रिक तिच्या रक्ताळलेल्या पायांकडे पाहत राहिला. मग बाजूला झाला. "या डोहावर पुष्कळ वीर आले, माये. सगळे न्यायला आले. द्यायला आलेली तू पहिली."

घडा पाण्यात गेला. डोह उकळला आणि निवला. वाट दाखवत आलेला भारद्वाज हत्तीएवढा झाला आणि राणीला पाठीवर घेऊन घटकाभरात राजवाड्यात उतरला.

राजा होता तिथेच होता. एकोणीस दिवस. दासी घास भरवीत, मंत्री तिथेच येऊन न्याय विचारीत. त्याचे हात मनगटांपर्यंत रुप्याचे झाले होते. तरी ते लेकीच्या पावलांवरून हलले नव्हते.

"उचलले का नाहीत?" राणीने विचारले.

"तू तरी कुठे टेकवलास?" राजा म्हणाला.

बोलता बोलता रुपे उतरू लागले. आधी लेकीच्या गुडघ्यांवरून, मग पोटऱ्यांवरून, शेवटी राजाच्या बोटांवरून. इंदुलेखेने पाय आखडले.

"बाबा, हात काढा ना! गुदगुल्या होतात."

आई-बाप हसले आणि हसता हसता रडले.

दुसऱ्याच दिवशी अरिंजयाने खजिना उघडला. पूर्वजांनी जे जे लुटून आणले होते, ते ज्याचे त्याला गाड्या भरून पोहोचते केले. राज्यावरचे सावट फिटले. त्या आई-बापांचा घोर जसा सरला, तसा ज्या ज्या घरी लेकरू अंथरुणाला खिळले असेल, त्या त्या घरचाही सरो.