ढोलकीवाल्याची हाक

एका नदीकाठच्या गावात ढोलक्या मढवणारा एक कारागीर राहत असे. हाताला त्याच्या मोठा गुण होता, पण मन भारी संशयी. दूधवालीने दूध घातलं की तो आधी बोटावर थेंब घेऊन बघायचा. कुणी ढोलकीची तारीफ केली, की याचा काहीतरी डाव आहे असं त्याला वाटायचं. असा माणूस, त्यामुळे त्याच्या ओसरीवर टेकायला सहसा कुणी येत नसे.

एका साली उंदरांनी त्याला जेरीस आणलं. दिवसभर खपून ढोलकी मढवावी, आणि सकाळी बघावं तर कातडं कुरतडलेलं, वाद्या तुटलेल्या.

शेजारी मासे विकणारी एक बाई राहायची. ती म्हणाली, “दादा, एक मांजर पाळा. ती करडी मांजर तुमच्याच सरपणात राहते की.”

“मांजराची जात लबाड,” ढोलकीवाला म्हणाला. “आधी माझं दूध संपवेल.”

“उंदरांनी कातडं खाण्यापेक्षा ते बरं ना?” असं म्हणून तिने सुक्या मासळीचे तुकडे पानात बांधून दिले. “हाक मारा, तुकडा ठेवा आणि मागे सरा. धरायला जाऊ नका. ती पण तुमच्यासारखीच आहे, पटकन कुणावर विश्वास ठेवायची नाही.”

ढोलकीवाल्याने तसं केलं. मांजरीचं नाव ठेवलं कवडी. “ये कवडे, ये” म्हणायचं, तुकडा ठेवायचा आणि कामाला लागायचं. सुरुवातीला ती सरपणाच्या फटीतून नुसती बघायची. मग तो आत गेल्यावर येऊन खायची. पुढे पुढे त्याच्या देखत खाऊ लागली. कातड्यावर चढली की तो काही देत नसे, पोत्यावर बसली की तुकडा द्यायचा. हळूहळू ती आपणहून पोत्यावरच बसू लागली. उंदीर तर कुठे गेले ते कळलंही नाही.

एके दुपारी तुकडा खाऊन झाल्यावरही कवडी गेली नाही. तिने आपलं डोकं त्याच्या तळहाताखाली घातलं. ढोलकीवाल्याचं काम थांबलं. इतक्या वर्षांत कुणी असं आपणहून त्याच्या जवळ आलं नव्हतं.

पण लगेच त्याच्या मनात किडा वळवळला. ‘ही माझ्यासाठी येते, की मासळीसाठी?’

दुसऱ्या दिवशी त्याने रिकामी मूठ पुढे करून हाक मारली. कवडी धावत आली, मूठ हुंगली, त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि परत गेली. त्याने पुन्हा तसंच केलं, आणि मग पुन्हा. आता ती येताना रेंगाळू लागली.

“बघ, मासळीचीच सोबतीण,” तो स्वतःशी म्हणाला.

मग त्याने उंबऱ्याबाहेर पीठ पसरलं. सकाळी पाहिलं तर पिठात उमटलेले पंजे शेजारणीच्या दाराकडे गेले होते. तो तडक तिच्याकडे गेला.

“माझी मांजर फितवतेस काय?”

“दादा, मासे साफ करताना ती येऊन बसते. मी काय हाकलून देऊ?”

त्याला काही ते पटलं नाही. घरी येऊन त्याने मूठभर मासळी घेतली आणि अगदी गोड आवाजात हाक मारली, “ये कवडे, ये.” बऱ्याच दिवसांनी खरा वास आला म्हणून ती आली. खायला मान खाली घातली, तोच त्याने वरून डालगं पालथं घातलं. आत ती ओरडत राहिली. त्याने फटीतून तुकडे सारले, तिने त्यांना तोंड लावलं नाही. शेवटी पाणी ठेवायला त्याने डालगं जरा उचललं, आणि ती निसटली ती निसटलीच.

काही दिवसांनी विहिरीपाशी गलका झाला. कुत्री मागे लागल्यावर कवडीने कठड्यावरून आत उडी घेतली होती. नशिबाने पाण्याच्या वर एका अरुंद कपारीत ती अडकली. लोकांनी दोराला फळी बांधून कपारीशी सोडली, पण ती फळीवर पाय ठेवेना.

ढोलकीवाला धावत आला. कठड्यावर ओणवून त्याने हाक मारली, “ये कवडे, ये.”

आवाज ऐकताच कवडी मागे सरली. त्याने आणखी मायेने हाक मारली. ती आणखी मागे सरली, आणि तिच्या मागच्या पायाखालची माती पाण्यात पडली.

पुढची हाक त्याच्या ओठांवरच थिजली. आपली हाक तिला पाण्यात ढकलते आहे, हे त्याला दिसलं.

शेजारीण गर्दीत उभी होती. तिला सांगावं, तर मांजर कायमची तिचीच होणार, हा विचार याही वेळी त्याच्या मनात आलाच. तरी तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“बाई, तू हाक मार. माझी ती ऐकायची नाही.”

“आणि तुम्ही?”

“मी लांब जातो. मी दिसायला नको तिला.”

तो चिंचेखाली गेला आणि विहिरीकडे पाठ करून उभा राहिला. आयुष्यभर ज्याने फटीतून, आडून, वाकून सगळ्यांवर नजर ठेवली, त्याने त्या दिवशी वळून पाहिलं नाही. मागून शेजारणीचा आवाज येत होता, मग सगळे गप्प झाले, मग दोर ओढल्याचा करकर आवाज. “आली, आली,” कुणीतरी म्हणालं, आणि त्याने डोळे पुसले.

संध्याकाळी तो शेजारणीच्या दाराशी गेला. कवडी तिच्या पदराआड होती.

“मी पण तिला खाऊ घातलाच होता ना?” तो म्हणाला.

“घातलात. मग रिकामी मूठ दाखवलीत, आणि भरल्या मुठीने धरलंत. तिला आपली भाषा येत नाही, दादा. तो तुकडा म्हणजेच आपला शब्द.”

“आता ती माझ्याकडे येईल?”

“ते तिलाच ठरवू द्या.”

ढोलकीवाला घरी आला. दुसऱ्या दिवसापासून तो ओसरीच्या कडेला एक तुकडा ठेवू लागला. हाक मारत नसे, पीठ पसरत नसे, कोण खातंय ते बघतही नसे. कधी तुकडा कावळा न्यायचा, कधी मुंग्या लागायच्या. तो पुन्हा नवा ठेवायचा.

असे कितीतरी दिवस गेले. एका सकाळी तो वाद्या ओढत असताना ओसरीवर काहीतरी हललं. त्याने मान वर केली नाही. कवडीने तुकडा खाल्ला, पंजे चाटले, आणि त्याच्याकडे पाठ करून उन्हात बसली. मांजर ज्याला भिते, त्याच्याकडे कधी पाठ करत नाही. ढोलकीवाल्याला ते ठाऊक होतं. तो आपलं काम करत राहिला.

तात्पर्य: खाऊने जवळीक जोडता येते, पण त्याच खाऊने परीक्षा घ्यायला आणि पकडायला गेलं, तर हातात नुसता खाऊ उरतो.